चालत्या गाडीतली कुमुद

"चीफ, यू स्टँडिंग लाइक लॅम्प पोस्ट लाह!"

मिस्टर ओंग ओरडला आणि तेवढ्यात बस निघूनही गेली. रघुवीर तोडणकरने कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यात डोकावून पाहिलं. रस्त्यापलीकडची झाडं आली होती, झाडांमागची इमारत आली होती, इमारतीच्या खिडक्यांतून बाहेर काढलेल्या काठ्यांवर वाळणाऱ्या चादरींची नक्षीसुद्धा आली होती. ज्या बसचा फोटो काढायचा होता, ती तेवढी फिसकटली होती.

"चादर विकायची असेल तर फोटो फार छान आहे," ओंग म्हणाला.

ओंग सिंगापुरातल्या हौगांगच्या कम्युनिटी क्लबात शनिवारी सकाळी फोटोग्राफी शिकवायचा. नोकरीत असताना तो ड्राफ्ट्समन होता आणि निवृत्त झाल्यापासून त्याला बसचे फोटो काढण्याचं वेड लागलं होतं. वर्गातले बाकीचे लोक ऑर्किडं आणि नातवंडं यांच्या मागे लागलेले. एकट्या रघुवीरने पहिल्याच दिवशी सांगितलं, की मला चालत्या गाडीचा फोटो काढायला शिकायचंय, दुसरं काही नको. ओंगला असा विद्यार्थी कधी भेटलाच नव्हता. वर्ग सुटला तरी तो या जहाजावरच्या चीफ इंजिनिअरला घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहू लागला.

शिकायचं ते सांगायला अगदी सोपं होतं. शटर मुद्दाम सावकाश ठेवायचं आणि गाडी समोरून जात असताना तिच्याच वेगाने कमरेतून फिरत राहायचं. जमलं तर गाडी स्पष्ट येते आणि आजूबाजूचं सगळं आडव्या रेघांमध्ये पुसून जातं. फोटोत वेग दिसतो तो त्या पुसलेपणामुळे. याला पॅनिंग म्हणतात, आणि करायला गेलं की भल्याभल्यांची त्रेधा उडते.

रघुवीरचं घोडं अडत होतं ते पायांशी. त्याचं उभं आयुष्य इंजिन रूममध्ये गेलं होतं. जहाजावर पायाखालची जमीन हलत असते आणि माणसाला स्थिर राहायचं असतं. पाय फाकवून, गुडघे जरासे वाकवून, अंग आवळून उभं राहायची त्याला इतकी सवय झाली होती, की निवृत्त होऊन वर्ष उलटलं तरी तो लिफ्टमध्येसुद्धा तसाच उभा राही. इथे जमीन ढिम्म हलत नव्हती आणि हलायचं होतं ते त्याने. एवढी साधी गोष्ट, पण त्याच्या कमरेला ती पटत नव्हती.

"आणि बटण दाबल्यावर थांबू नको," ओंग त्याच्या इंग्रजीत समजावत होता. "गाडी थांबली का? नाही ना? मग तू कशाला थांबतोस? फिरत राहा. ती दिसेनाशी होईपर्यंत फिरत राहा. कॅन?"

"कॅन," रघुवीर म्हणाला आणि पुढच्या बसची वाट पाहू लागला.

या वयात हा उपद्व्याप कशासाठी, ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. ओंगला नाही, बुकित तिमाहला राहणाऱ्या लेकीला, चैतालीलाही नाही. आणि ज्या बाईसाठी तो हे करत होता, तिला तर नाहीच नाही.

निवृत्त झाल्यावर त्याने घरातले सगळे जुने फोटो नीट लावायला काढले होते. चैतालीचे वाढदिवस, शाळेचे कार्यक्रम, महाराष्ट्र मंडळाचा गणपती, पहिला फ्लॅट, दुसरा फ्लॅट. तो समुद्रावर असताना जे जे घडलं त्याचे फोटो कुमुदने काढून ठेवले होते आणि दर बंदरात ते त्याला मिळत गेले होते. लावता लावता त्याच्या लक्षात आलं, की यात कुमुद जवळजवळ नाहीच. असणार कशी? कॅमेरा तिच्या हातात होता. जिथे होती तिथे लग्नाकार्यात नटूनथटून रांगेत उभी होती, आणि त्या रांगेतल्या बाईशी रघुवीरची फारशी ओळख नव्हती.

त्याच्या ओळखीची कुमुद गाडी चालवणारी होती.

चैताली लहान असतानाची गोष्ट. सात महिन्यांचं काम संपवून तो जहाजावरून उतरला आणि बंदराच्या गेटबाहेर टॅक्सीसाठी उभा राहिला. त्या भागात टॅक्सी सहसा फिरकत नसे. जवळ ही एवढी मोठी बॅग, वर रणरणतं ऊन. तेवढ्यात एक लहानशी गाडी शेजारी येऊन थांबली आणि हॉर्न वाजला. कुणी खासगी गाडीवाला चोरून भाडं शोधत असेल असं वाटून त्याने हात हलवून तिला जायला सांगितलं. पुन्हा हॉर्न वाजला. तो चिडून वाकला तर काच खाली झाली आणि आतून कुमुद म्हणाली, "बसा. नाहीतर जा टॅक्सीने."

दापोलीहून आलेली, सायकलसुद्धा न चालवलेली कुमुद. दोनदा परीक्षेत नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाली होती आणि त्याला तिने अवाक्षर कळवलं नव्हतं.

त्यानंतर दर वेळी तीच न्यायला येई. वळणावरून गाडी आली, की लांबूनच तिला तो दिसे, आणि ती स्टीअरिंगवरून उजव्या हाताची दोन बोटं उचले. हात हलवणं नाही, हसणं नाही, नुसती दोन बोटं. दिसलात हो, एवढाच त्याचा अर्थ. रघुवीर स्वतः कधी गाडी शिकला नाही. हजारो अश्वशक्तीची इंजिनं हाताळणारा हा माणूस घरी आला की बायकोच्या डाव्या हाताला मुकाट्याने बसे. जहाजावर डोळे मिटले की त्याला जी बायको दिसायची ती वळणावरून गाडी घेऊन येणारी, दोन बोटं उचलणारी. आणि नेमका तोच फोटो घरात नव्हता.

तो आता लवकरच काढायला हवा होता. सिंगापुरात गाडीला दहा वर्षांची सीओई, म्हणजे ती बाळगण्याचा परवाना, मिळते. ती संपली की पुन्हा भलीमोठी रक्कम भरायची, नाहीतर गाडी सोडायची. कुमुदच्या निळ्या गाडीची सीओई दिवाळीनंतर संपत होती. ही बाई गाडीसाठी भांडणार, अशी रघुवीरने मनाची तयारी करून ठेवली होती. पण विषय निघताच ती म्हणाली, "जाऊ दे. दोघंच तर आहोत. कशाला हवी?" त्याला हायसं वाटलं, आणि कुठेतरी खटकलंही. खटकलं ते त्याने तिथेच सोडून दिलं.

सरावात एक गंमत मात्र झाली. कुठल्या बसला रघुवीरचा कॅमेरा बरोबर फिरतो आणि कुठल्या बसला तो दगडासारखा उभा राहतो, हे ओंगला काही केल्या उमगेना. शेवटी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"चीफ, तू बघतच नाहीस! तू ऐकतोस!"

खरंच होतं ते. इंजिन रूममध्ये यंत्राचं दुखणं डोळ्याआधी कानाला कळतं. रघुवीर डिझेलच्या आवाजावरून गाडी किती लांब आहे आणि किती वेगात आहे ते जोखायचा आणि त्या आवाजाबरोबर वळायला लागायचा. इलेक्ट्रिक बस आली की कानाला काहीच लागायचं नाही आणि त्याचं भान येईतो ती निघून गेलेली असायची. ओंग पोट धरधरून हसला. मग म्हणाला, "ठीक आहे. तुला ज्या गाडीचा फोटो काढायचाय, ती आवाज करते ना?"

"करते," रघुवीर म्हणाला. तिचा आवाज तो झोपेतही ओळखला असता.

त्याच आठवड्यात त्याला पहिला चांगला फोटो मिळाला. भाजीचे खोके लादलेली एक जुनी लॉरी खडखडत आली आणि त्याची कंबर आपसूक वळली. लॉरी स्वच्छ आली होती. ड्रायव्हरच्या खिडकीबाहेर टेकवलेल्या हातातलं घड्याळसुद्धा दिसत होतं. मागचं सगळं हौगांग हिरव्या-करड्या रेघांमध्ये विरघळून गेलं होतं. ओंगने कौतुकाने त्याच्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली, की कॅमेरा हातातून निसटता निसटता राहिला.

रघुवीरने वाटेतच त्या फोटोची मोठी प्रत काढून घेतली आणि तसाच घरी आला. कुमुद जेवणाच्या टेबलापाशी फरसबी निवडत बसली होती. त्याने फोटो तिच्यापुढे ठेवला.

"काय म्हणतेस?"

तिने हात पुसले, चष्मा नीट केला आणि फोटो जरा लांब धरला.

"अहो, हे बाजूचं सगळं असं पुसून टाकलंय, ते मुद्दाम?"

"मग! तेच तर शिकायचं असतं. मधलं तेवढं नीट दिसायला हवं."

"हं," ती म्हणाली. "मला हल्ली असंच दिसतं."

तिने फोटो खाली ठेवला आणि फरसबीची शेंग उचलली. रघुवीर हसला. ती विनोद करतेय असं त्याला वाटलं. मग तिने दुसरी शेंग उचलण्यासाठी हात पुढे केला तेव्हा तो शेंगांपासून चांगला वीतभर बाजूला पडला, आणि तिने सवयीने टेबलावरून हात सरकवत सरकवत शेंग शोधली. हे त्याने याआधी कितीदा पाहिलं असेल. पण खऱ्या अर्थाने पाहिलं ते आत्ता.

"असंच म्हणजे?"

"समोरचं दिसतं. बाजूचं पुसल्यासारखं होतं. काचबिंदू आहे."

"अगं, तू तर डोळे कोरडे पडतात म्हणून ड्रॉप्स घालतेस ना?"

"त्याचेच आहेत ते."

"कधीपासून?"

"तुम्ही त्या शेवटच्या जहाजावर होतात तेव्हापासून. गेलेलं परत येत नाही म्हणाले डॉक्टर. उरलंय ते राखायचं."

"चैतालीला ठाऊक आहे?"

"तीच घेऊन गेली होती."

रघुवीर खुर्चीवर बसला. त्याला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. "आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुला? मी काय परका आहे?"

कुमुदने शेंगेचा दोरा काढला. "जहाजावर वाईट बातमी कळवायची नाही, हे कुणी ठरवलं होतं?"

ठरवलं होतं त्यानेच. लग्न झालं त्या वर्षी. त्याच्या जहाजावरच्या एका ऑइलरला घरून बातमी आली, भर समुद्रात, आणि कुठलंही बंदर आठवडाभर लांब होतं. त्या माणसाचे हाल रघुवीरने डोळ्यांनी पाहिले होते. सुट्टीवर आल्यावर त्याने कुमुदला बजावून सांगितलं होतं, की काहीही होवो, मी उतरल्याशिवाय मला सांगायचं नाही. तिथे बसून मी काही करू शकत नाही, नुसता जळत राहीन. खलाशांच्या बहुतेक घरांत हाच शिरस्ता असतो. कुमुदने तो काटेकोर पाळला होता. चैतालीचं ऑपरेशन झालेलं त्याला टाके सुटल्यावर कळलं होतं. स्वतःची आई गेलेली तर बाराव्यानंतर.

"पण मी उतरलो ना आता! वर्ष झालं उतरून."

"हो ना," ती म्हणाली. "तुम्ही उतरलात हे माझ्या अजून अंगवळणीच पडलेलं नाही. रोज वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, कशाला, बरे आहेत."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तरी कुणी उठलं नाही. मग त्याच्या मनात दुसराच विचार आला.

"कुमुद, आणि तू गाडी चालवतेस?"

तिने पुढची शेंग मोडली.

"काल मार्केटला गेलीस. रविवारी चैतालीकडे आपण..."

"सांभाळून चालवते मी. हायवेला जातच नाही. उजवीकडे वळावं लागेल असे रस्ते टाळते. मान सारखी फिरवत असते, बघता ना तुम्ही."

बघत होताच तो. तिच्या डाव्या हाताला बसून बघत होता. लांबच्या रस्त्यांनी नेते म्हणून तिला चिडवतही होता. डाव्या दारावर ओरखडा पडला तेव्हा पार्किंगमधल्या खांबाला शिव्या घालत त्यानेच वरून रंग लावला होता. इंजिनातला एक सैल बोल्ट दहा माणसांच्या गलक्यात ऐकू येणारा माणूस, आणि शेजारी बसलेल्या बायकोचं अर्धं जग पुसून गेलं तरी त्याला पत्ता नव्हता.

"आणि बाजूने कुणी आलं तर?"

"आलं होतं," कुमुद म्हणाली. "मागच्या महिन्यात मार्केटच्या वळणावर. सायकलवर एक म्हातारा. एकदम गाडीपुढे उगवला. उगवला म्हणजे बाजूने आलाच असणार ना तो? मला दिसला तो समोर आल्यावर. ब्रेक लागला म्हणून बरं. त्याने नुसता हात वर केला आणि गेला निघून. मी तिथेच कडेला थांबून रडले. मग घरी आले आणि तुम्हाला चहा करून दिला."

रघुवीरने तिच्या हातातली शेंग काढून घेतली आणि तिचा हात धरला. ते दोघं हात धरून बसणाऱ्यांतले नव्हते. पण तो बसला.

"सोड आता," तो म्हणाला. "दिवाळीपर्यंतही नको."

"चैताली तेच ओरडते. आई, यू मस्ट स्टॉप, ऑलरेडी टू लेट. तिचं बरोबर आहे, तुमचंही बरोबर आहे. मला कळत नाही का?" तिने हात सोडवून घेतला. "पण गाडी सोडली की मी कोण हो? तुम्ही नसताना या गावात मी जी काही होते ती त्या गाडीमुळे होते."

रघुवीर उरलेल्या शेंगा पुढ्यात ओढून निवडू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमुद पिशवी घेऊन बाहेर पडली. रघुवीर गॅलरीतून पाहत राहिला. पार्किंगकडे वळायच्या जागी ती क्षणभर थांबली आणि मग सरळ बस स्टॉपकडे चालू लागली. तासाभराने परत आली, भाजी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "बस लगेच मिळाली."

त्या दिवसापासून गाडी बहुमजली पार्किंगच्या दुसऱ्या मजल्यावर उभी राहिली. बॅटरी उतरू नये म्हणून रघुवीर एक दिवसाआड खाली जाई, तिच्या सीटवर बसून इंजिन सुरू करी आणि ऐकत राही. कॅमेरा त्याने कपाटात ठेवून दिला.

दोन शनिवार तो वर्गाला गेला नाही, तेव्हा ओंगने फोन केला आणि कोपीटियामला, कॉफीच्या हॉटेलात, बोलावून घेतलं. कॉफी पिता पिता रघुवीरने त्याला सगळं सांगितलं. फोटो कुणाचा काढायचा होता तेही सांगितलं. ओंगने कपातली कॉफी उगाच बराच वेळ ढवळली.

"टॉप डेक," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"तुमच्या पार्किंगचा सगळ्यात वरचा मजला. वर ऊन म्हणून रविवारी सकाळी तिथे एक गाडी नसते. गाडी वर मी नेतो. रॅम्पवर मी उभा राहतो, कुणाला येऊ देत नाही. तुझी मिसेस या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ चालवेल. हळू." मग त्याच्यातला मास्तर जागा झाला. "पण चीफ, हळू गाडी जास्त कठीण. शटर आणखी सावकाश लागेल. हात जरासा हलला की गेलं."

कुमुदने साफ नाही म्हटलं. "हा कसला तमाशा? सोडली ना मी? आता परत त्या सीटवर बसवून फोटो कसले काढताय? जाताना हार घालतात तसं?"

रघुवीरला बोलता येत नसे. फोनवरसुद्धा तो हवापाण्याच्या पलीकडे जात नसे, आणि गेली चाळीस वर्षं ही बाई त्यावर भागवत आली होती. पण त्या दिवशी तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"जहाजावर सगळे फोटो लावतात," तो म्हणाला. "बंकच्या भिंतीला. माझ्याकडे होते तेही लावायचो मी, चैतालीचे, तुझे. पण झोपताना डोळे मिटले की त्यातलं काही दिसायचं नाही. तू गाडी घेऊन गेटवर यायचीस ना, ते दिसायचं. वळणावरून यायचीस, आणि ती बोटं उचलायचीस. तेवढ्यावर मी सहा सहा महिने काढलेत, कुमुद. ते फक्त माझ्या डोक्यात आहे. उद्या माझं डोकं चाललं नाही तर ते कुठेच नसेल."

कुमुद त्याच्याकडे बघत राहिली. अगदी समोर बसला होता तो, तिला पुरता दिसत होता.

"हे पहिल्यांदा सांगताय," ती म्हणाली.

"हो."

ती उठली, आत गेली आणि आतूनच विचारलं, "साडी नेसू की ड्रेस घालू?"

"गेटवर यायचीस तेव्हा काय घालायचीस?"

"ऑफिसचा ड्रेस. तिथूनच थेट यायचे ना."

"मग तोच."

रविवारी सकाळी ओंगने निळी गाडी वर नेली, एका भिंतीपाशी लावली आणि हातात भलीमोठी छत्री घेऊन रॅम्पच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, जणू कुणी आलंच तर तो त्याला छत्रीने अडवणार होता. आदल्या दिवशी पाऊस पडून गेल्यामुळे काँक्रीट स्वच्छ दिसत होतं. चारही बाजूंना उंच इमारती, त्यांच्या काठ्यांवर वाळणारे कपडे, आणि मध्ये हा मोकळा, पांढऱ्या रेघा मारलेला मजला. रघुवीरने सगळीकडे फिरून, कोपऱ्यातले खांब आणि लिफ्टचं दार बघून, कुणी नाही याची खात्री करून घेतली.

कुमुद सीटवर बसली. सीट पुढे घेतली. ओंगने हलवलेला आरसा सरळ केला, बाजूचे दोन्ही आरसेही नीट केले, जरी त्यांचा आता तिला काही उपयोग नव्हता. मग स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून ती ताठ बसली, आणि एकाएकी तिचं वय दहा-पंधरा वर्षांनी उतरलं.

"सरळ जायचं, त्या पांढऱ्या भिंतीपर्यंत, आणि थांबायचं," त्याने खिडकीशी वाकून सांगितलं. "मी मध्ये उभा आहे, तुझ्या उजव्या हाताला. घाई करू नको."

"मला गाडी शिकवू नका," कुमुद म्हणाली.

तो चालत मजल्याच्या मध्यावर गेला आणि उभा राहिला. पाय जवळ घेतले, गुडघे सैल सोडले. कॅमेरा डोळ्याला लावला. इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मग गाडी निघाल्याचा. तो आवाज त्याने ओळखीच्या माणसाच्या पावलांसारखा ऐकला. आवाज जवळ येऊ लागला तशी त्याची कंबर वळू लागली, आणि या खेपेला पाय, कंबर, हात, सगळं तिच्याबरोबर वळत होतं, कुठे काही अडत नव्हतं. चौकटीच्या मधोमध कुमुदचा चेहरा होता. त्याने बटण दाबलं.

आणि ओंगने शिकवल्याप्रमाणे तो थांबला नाही, फिरत राहिला. त्यामुळेच त्याला दिसलं. गाडी त्याच्यापासून चार हातांवरून जात होती. कुमुद पुढे बघत होती. तो इतक्या जवळ उभा होता, की जुन्या सवयीने तो त्या दोन बोटांची वाट पाहू लागला. बोटं उचलली गेली नाहीत. तिची नजर वळली नाही. ती त्याच्या शेजारून गेली आणि तिला तो दिसला नाही. तिच्या जगाचा जो भाग पुसून गेला होता, त्यात तो उभा होता.

गाडी पांढऱ्या भिंतीपाशी जाऊन अलगद थांबली. रघुवीरने कॅमेरा खाली घेतला. रॅम्पवरून ओंग ओरडला, "गॉट ऑर नॉट?" रघुवीरने पडद्यात पाहिलंही नाही.

"झालं?" कुमुदने खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं. ती भलत्याच बाजूला बघत होती, रिकाम्या काँक्रीटकडे. "अहो? कुठे आहात?"

आयुष्यभर तो लांब होता आणि तिने त्याला लांबून हेरलं होतं. आता तो हाकेच्या अंतरावर होता आणि ती त्याला शोधत होती. रघुवीरला हे सहन झालं नाही. तो भराभर चालू लागला. गाडीच्या मागून नाही, खिडकीपाशीही नाही. तो वळसा घालून भिंत आणि गाडी यांच्या मधल्या जागेत गेला आणि बॉनेटच्या अगदी समोर, मधोमध, उभा राहिला. दोन्ही हात बाजूला सोडून, पूर्वी गेटवर उभा राहायचा तसा.

कुमुदने मान आत घेतली आणि समोर पाहिलं. काचेतून तिला तो दिसला.

ती हसली नाही, तिने हात हलवला नाही. स्टीअरिंगवरची उजव्या हाताची दोन बोटं तेवढी तिने उचलली. कॅमेरा त्याच्या गळ्यातच होता, पण त्याने त्याला हात लावला नाही.

मग तिने इंजिन बंद केलं.